शास्त्र खरे, पण कशाबाबत खरे?

अकोल्याहून वाशीमला एसटीने दोन-अडीच तासांत पोहोचता येते. रविवारी सकाळी या दोन्ही गावांतल्या प्रोटेस्टंट मंडळ्यांमध्ये उपासनेला जे पुस्तक उघडले जाते, ते बहुधा एकच असते: बायबल सोसायटीचे मराठी ‘पवित्र शास्त्र’. भाषांतर तेच, पुस्तकेही तीच ६६. दोन्हीकडच्या पाळकांना विचारा, हे शास्त्र खरे आहे का? दोघेही विचार करायला न थांबता ‘हो’ म्हणतील. पण या मंडळ्या ज्या मूळ संस्थांमधून निघाल्या, त्यांचे छापील विश्वासलेख शेजारी शेजारी ठेवले की गंमत दिसते. अकोल्याच्या अलायन्स पंथाचा लेख सांगतो की बायबल मुळात दिले गेले तेव्हा ते निर्दोष होते आणि त्यातला शब्द न् शब्द देवप्रेरित आहे. वाशीमच्या नाझरीन पंथाचा लेख म्हणतो की तारणासाठी जे जे आवश्यक आहे, ते बायबल बिनचूक सांगते. पहिल्या वाक्यात इतिहास, भूगोल, वंशावळी, खानेसुमारी सगळे येते. दुसऱ्यात यांबद्दल अवाक्षर नाही. यवतमाळला तिसरी शब्दरचना मिळते आणि अमरावतीच्या कॅथलिक धर्मप्रांतात चौथी.

हे भेद वऱ्हाडात जन्मले नाहीत. ते न्यूयॉर्क, प्रिन्स्टन, ॲबर्डीन आणि रोम इथे घडले आणि मिशनऱ्यांच्या पेटाऱ्यांतून इकडे आले. १८६७ च्या सुमारास भुसावळ-नागपूर रेल्वे अकोला-बडनेऱ्यावरून धावू लागली आणि कापसाच्या गाठी मुंबईकडे निघाल्या, तशा मुंबईकडून वेगवेगळ्या मिशनच्या मंडळीही वऱ्हाडात उतरू लागल्या. एकमेकांच्या पायात पाय नको म्हणून त्या काळच्या प्रोटेस्टंट मिशनांनी हिंदुस्थानभर आपापसांत मुलूख वाटून घेतले होते. वऱ्हाडातही तसेच झाले. एलिचपूर म्हणजे आजचे अचलपूर आणि वर मेळघाट हा कोरकूंमध्ये काम करणाऱ्या मिशनचा टापू. त्या मिशनच्या जॉन ड्रेक यांनी केलेले कोरकू भाषेचे व्याकरण १९०३ साली प्रसिद्ध झाले. अकोल्यात मार्कस आणि जेनी फुलर या दांपत्याने काम केले आणि ते केंद्र पुढे ए. बी. सिम्प्सन यांच्या ‘ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स’चे मोठे ठाणे बनले. जेनी फुलर यांनी हिंदुस्थानी स्त्रियांच्या हालअपेष्टांवर लिहिलेले इंग्रजी पुस्तक १९०० साली निघाले, त्याला प्रस्तावना होती पंडिता रमाबाईंची. बुलढाण्याला १८९८ मध्ये आलेले मिशन पुढे नाझरीन पंथात विलीन झाले. याच पंथाने १९३० च्या दशकात वाशीमला रेनॉल्ड्स मेमोरियल रुग्णालय उभे केले, ज्याच्याशी डॉ. ऑर्फा स्पायकर यांचे नाव कायमचे जोडले गेले आहे. यवतमाळ फ्री मेथडिस्टांकडे गेले. कॅथलिकांचा अमरावती धर्मप्रांत मात्र बराच उशिरा, १९५५ मध्ये, नागपुरापासून वेगळा झाला.

या वाटणीचा एक परिणाम असा की, ज्याचा आजा ज्या मिशनच्या हद्दीत राहत होता, त्या मिशनचा विश्वासलेख नातवाच्या वाट्याला आला. छपन्नच्या दुष्काळात, म्हणजे १८९९-१९०० साली, अनाथ झालेले मूल कोणत्या बोर्डिंगात पोहोचले, यावर पुढच्या तीन पिढ्यांचे बायबलविषयीचे मत ठरावे, हे धर्मशास्त्राच्या अभ्यासकाला रुचणार नाही. पण इतिहास असाच चालतो.

मुळात दावा काय आहे, ते आधी नीट समजून घेतले पाहिजे. कारण मराठी वाचक ‘धर्मग्रंथ खरा’ हे शब्द ऐकतो तेव्हा त्याच्या मनात वेद असतात. पूर्वमीमांसेच्या मते वेद अपौरुषेय आहेत, त्यांना कर्ताच नाही. कर्ता नाही म्हणून कर्त्याचे दोषही नाहीत. मुसलमानांच्या श्रद्धेत कुराण हे अल्लाचे शब्द आहेत, पैगंबर ते पोचवणारे. ख्रिस्ती दावा या दोन्हींहून निराळा आहे. बायबलला कर्ते आहेत आणि तेही पुष्कळ. राजे, मेंढपाळ, संदेष्टे, कोळी, एक जकातदार आणि परंपरेनुसार एक वैद्य. हजाराहून अधिक वर्षांच्या काळात हिब्रू, अरामी आणि ग्रीक अशा तीन भाषांत हे लेखन झाले. पौलाच्या तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात शास्त्रलेख देवप्रेरित असल्याचे म्हटले आहे, आणि पेत्राच्या दुसऱ्या पत्रात माणसे पवित्र आत्म्याच्या प्रेरणेने बोलली असे आहे. बोलली ती माणसेच. त्यांचा स्वभाव, त्यांची भाषा, त्यांचा राग सगळे कागदावर उतरले आहे. देवाने सांगावे आणि माणसाने कारकुनासारखे उतरून घ्यावे, ही कल्पना काही ख्रिस्ती मंडळींत आढळते खरी. पण बायबल निर्दोष मानणारे बहुतेक अभ्यासकही ती मान्य करत नाहीत.

लूकने तर आपल्या शुभवर्तमानाच्या पहिल्या चार ओळींतच आपली पद्धत सांगून टाकली आहे. घडलेल्या गोष्टींची हकिकत पुष्कळांनी लिहायला घेतली होती, ज्यांनी डोळ्यांनी पाहिले त्यांनी ती सांगितली, आणि आपण मुळापासून कसून शोध घेऊन ती क्रमवार लिहीत आहोत, असा त्याचा आशय आहे. हे वाचताना अमरावती जिल्ह्यातल्या माणसाला म्हाइंभट आठवायला हरकत नाही.

मोर्शी तालुक्यातले रिद्धपूर अमरावतीपासून फार लांब नाही. महानुभाव पंथाचे प्रवर्तक चक्रधरस्वामी यांच्या प्रयाणानंतर त्यांचे शिष्य स्वामींचे गुरू गोविंदप्रभू यांच्या सान्निध्यात इथे राहिले. म्हाइंभटांनी स्वामींना पाहिलेल्या, ऐकलेल्या माणसांना गाठून, विचारून, एकेक लीळा गोळा केली. नागदेवाचार्यांसारख्या जाणकाराकडून ती तपासून घेतली. १२७८ च्या आसपास ‘लीळाचरित्र’ सिद्ध झाले. पुढे चौदाव्या शतकाच्या आरंभी दिल्लीच्या फौजांच्या धामधुमीत मूळ प्रत हरवली. मग ज्यांना ती मुखोद्गत होती त्यांनी आपापल्या स्मरणातून ग्रंथ पुन्हा उभा केला, आणि साहजिकच एकाऐवजी अनेक पाठ झाले. महानुभावांनी हे पाठभेद लपवले नाहीत, जपून ठेवले. वि. भि. कोलते यांची संपादित आवृत्ती १९७८ मध्ये राज्य साहित्य संस्कृती मंडळाने काढली, तिच्यामागे अशा अनेक पोथ्यांची पडताळणी होती. महानुभावाला विचारा की स्वामींचे वचन खरे का, तो निःशंकपणे ‘हो’ म्हणेल. या पोथीतला हा शब्द स्वामींचाच का, असे विचारले तर मात्र तो दुसरी पोथी काढून पाहील. श्रद्धा आणि पाठचिकित्सा या दोन गोष्टी एकाच माणसाच्या मांडीवर बसू शकतात, हे वऱ्हाडाला सातशे वर्षांपासून ठाऊक आहे.

बायबलची स्थितीही हीच. मोशे, यशया, मत्तय, पौल यांच्यापैकी कोणाच्याही हातची प्रत आज अस्तित्वात नाही. नव्या कराराची ग्रीक हस्तलिखिते पाच हजारांहून अधिक आहेत आणि त्यांत पाठभेद विपुल आहेत. बरेचसे भेद शुद्धलेखनाचे किंवा शब्दांच्या क्रमाचे, म्हणजे निरुपद्रवी. काही मात्र मोठे आहेत. मार्काच्या शुभवर्तमानाची शेवटची बारा वचने चौथ्या शतकातल्या दोन सर्वांत प्रतिष्ठित हस्तलिखितांत नाहीत. तिथे मार्क संपतो तो रिकाम्या कबरीपासून भिऊन पळणाऱ्या बायकांपाशी. व्यभिचारात पकडलेल्या स्त्रीची योहानातली प्रसिद्ध कथाही त्या हस्तलिखितांत नाही. जुन्या कराराच्या बाबतीत १९४७ पासून मृत समुद्राकाठच्या गुहांत सापडलेल्या गुंडाळ्यांनी आपल्याला एकदम हजारभर वर्षे मागे नेले. तिथली यशयाची गुंडाळी नंतरच्या हिब्रू पाठाशी बरीच जुळली, पण इतर काही पुस्तकांच्या प्रतींत वेगळाले पाठ निघाले.

म्हणूनच अकोल्याच्या विश्वासलेखातला ‘मुळात दिले गेले तेव्हा’ हा शब्दप्रयोग फार महत्त्वाचा आहे. निर्दोषत्वाचा दावा हातातल्या पुस्तकाबद्दल नाही, हरवलेल्या मूळ लिखाणाबद्दल आहे. टीकाकार यावर हसतात. जी वस्तू कोणी पाहिलेलीच नाही तिच्या बिनचूकपणाची ग्वाही देऊन काय साधते, असा त्यांचा सवाल. समर्थकांचे उत्तर असे की सातबाऱ्याची नक्कल काढताना कारकुनाने आकडा चुकवला म्हणून मूळ नोंद खोटी ठरत नाही, आणि नकला पुरेशा असल्या तर मूळ आकडा शोधता येतो. माझ्या मते हे उत्तर तर्काला धरून आहे. अडचण तर्काची नाही. अडचण अशी की, मूळ निर्दोष आणि प्रत सदोष, अशी विभागणी एकदा मान्य केली की सामान्य विश्वासणाऱ्याने रोज वाचायच्या पुस्तकाबद्दल या सिद्धांतातून फारसे काही सांगता येत नाही.

आता थोडी उदाहरणे, कारण त्यांच्याशिवाय हा सगळा वाद हवेत राहील.

अहज्या राजा गादीवर बसला तेव्हा बावीस वर्षांचा होता, असे दुसरे राजे, अध्याय ८ सांगतो. दुसरे इतिहास, अध्याय २२ चा पारंपरिक हिब्रू पाठ म्हणतो बेचाळीस. त्याचा बाप चाळिसाव्या वर्षी वारला, हे त्याच पुस्तकात एक पान मागे आहे. म्हणजे मुलगा बापापेक्षा दोन वर्षांनी मोठा! इथे सर्व बाजूंचे एकमत आहे: लेखनिकाची चूक. अनेक आधुनिक भाषांतरे सरळ बावीस छापतात.

दावीदाने केलेली खानेसुमारी थोडी अवघड. दुसऱ्या शमुवेलात इस्राएलचे योद्धे आठ लाख आणि यहूदाचे पाच लाख, तर पहिल्या इतिहासात अकरा लाख आणि चार लाख सत्तर हजार. आकडे सोडा. खानेसुमारीची बुद्धी दावीदाला कोणी दिली? एका ठिकाणी संतापलेल्या परमेश्वराने, दुसऱ्या ठिकाणी सैतानाने. इथे लेखनिकाला दोष देऊन सुटका नाही. दोन शतकांच्या अंतराने दोन लेखकांनी एकाच घटनेकडे दोन धर्मदृष्टींनी पाहिले आहे, आणि दुसऱ्याला देवावर तो ठपका ठेवणे पटलेले नाही, हे उघड दिसते. निदान मला तरी दिसते. निर्दोषत्ववादी म्हणतो, सैतानाने उद्युक्त केले आणि देवाने ते घडू दिले, दोन्ही खरे.

यहूदा इस्कर्योताने गळफास घेतला असे मत्तय लिहितो. प्रेषितांच्या कृत्यांत तो पालथा पडून त्याचे पोट फुटले असे आहे. दोर तुटला आणि मग तो पडला, अशी सांगड पूर्वीपासून घातली जाते. वकिलाला शोभेल अशी ही सांगड आहे. अशक्य नाही, पण दोघांपैकी एकाही साक्षीदाराने ती सांगितलेली नाही.

आणि सर्वांत गाजलेले उदाहरण मार्काच्या दुसऱ्या अध्यायातले. दावीदाने समर्पित भाकरी खाल्ल्या तेव्हा अब्याथार प्रमुख याजक होता, असे येशूच्या तोंडी आहे. पहिल्या शमुवेलाच्या एकविसाव्या अध्यायात त्या वेळचा याजक आहे अहीमलेख, म्हणजे अब्याथारचा बाप. हे उदाहरण लक्षात ठेवावे, पुढे ते रोममध्ये भेटणार आहे.

या विसंगती आधुनिक माणसाने शोधून काढल्या, असा एक गैरसमज आहे. चौथ्या-पाचव्या शतकात होऊन गेलेल्या संत ऑगस्टीनला त्या ठाऊक होत्या. जेरोमला लिहिलेल्या एका पत्रात त्याने आपला नियम सांगितला आहे: या ग्रंथांत सत्याशी न जुळणारे काही आढळले, तर एक तर प्रत सदोष असेल, किंवा भाषांतरकाराला अर्थ लागला नसेल, किंवा मलाच कळले नसेल. लेखक चुकला हा चौथा पर्याय त्याने ठेवलाच नाही. पुढे चौदाशे वर्षे बहुतेक ख्रिस्ती जगाने ऑगस्टीनच्या या तीन खणांत आपल्या सगळ्या शंका ठेवल्या. चौथा खण उघडला तो एकोणिसाव्या शतकाने.

१८८१ हे साल या बाबतीत नमुनेदार आहे. त्या वर्षी स्कॉटलंडच्या फ्री चर्चने विल्यम रॉबर्टसन स्मिथ या विद्वानाला ॲबर्डीनच्या अध्यापनपदावरून दूर केले. त्याने जर्मन पद्धतीची चिकित्सा स्वीकारून मोशेच्या नावावरची पुस्तके एकट्या मोशेची नाहीत असे लिहिले होते. हेच फ्री चर्च नागपूरचे मिशन चालवत होते, ज्याची पायाभरणी स्टीफन हिस्लॉप यांनी केली होती. त्याच वर्षी अमेरिकेत प्रिन्स्टनच्या ए. ए. हॉज आणि बेंजामिन वॉरफील्ड यांनी एक निबंध लिहून निर्दोषत्वाच्या सिद्धांताला त्याचे आधुनिक रूप दिले, आणि हस्तलिखितांच्या मूळ प्रतीवरचा भर पक्का केला. म्हणजे एका बाजूने दार उघडत होते, दुसऱ्या बाजूने अडसर घातला जात होता. स्कॉटिश मंडळींची पुढची पिढी हळूहळू चिकित्सेकडे झुकली. वऱ्हाडात आलेली अमेरिकन मिशने बहुतांशी दुसऱ्या प्रवाहातली, पुनरुज्जीवनवादी, पवित्रतेच्या शिकवणीवर वाढलेली. नागपूरची परंपरा १९७० मध्ये चर्च ऑफ नॉर्थ इंडियात मिसळली. अकोला-यवतमाळची मंडळी वेगळ्याच वाटेने गेली. नागपूर आणि वऱ्हाड यांच्यातला हा भेद राजकारणातल्या विदर्भवाद्यांच्या कधी लक्षात आलेला दिसत नाही.

नाझरीनांनी आपले ते जपून तोललेले वाक्य १९२८ साली स्वीकारले. अमेरिकेत तेव्हा मूलतत्त्ववादी आणि आधुनिकतावादी यांची लढाई जोरात होती. मेथडिस्ट चळवळीचे प्रवर्तक जॉन वेस्ली यांच्या परंपरेतल्या या पंथाला प्रिन्स्टनचा कडकपणा पुरता पटत नव्हता आणि आधुनिकतावाद तर नकोच होता. म्हणून तारणाच्या गोष्टींत बिनचूक, ही मधली वाट. फ्री मेथडिस्टांच्या लेखात बायबल जे ठासून सांगते त्यात ते पूर्ण सत्य आहे असे येते, आणि त्याला जोडून ते माणसाच्या अनुभवात खरे ठरते असेही येते. अनुभवावर भर देणारे हे शेवटचे कलम मला सर्वांत वेस्लीय वाटते.

मग १९६५. या एका वर्षात अकोल्याच्या आणि अमरावतीच्या दोन्ही मातृपरंपरांनी आपले शब्द पक्के केले, आणि दोघांना एकमेकांची खबरही नसावी. अलायन्सने अमेरिकेत आपला विश्वासलेख मंजूर केला, ज्यात मूळ लिखाण निर्दोष असल्याचे कलम आहे. रोममध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने नोव्हेंबरात ‘देई व्हेर्बुम’ हा दस्तऐवज प्रसृत केला.

रोमची कहाणी अधिक रंगतदार आहे. १८९३ मध्ये तेरावे लिओ पोप यांनी बायबलमध्ये कोणतीही चूक मानण्यास मनाई केली होती. १९४३ मध्ये बाराव्या पायस यांनी लेखनप्रकार लक्षात घेण्याची मुभा दिली: काव्य काव्यासारखे वाचा, बखर बखरीसारखी. १९६२ च्या परिषदेपुढे आलेला पहिला मसुदा पुन्हा कडक होता. तो धर्माध्यक्षांनी बाजूला सारला. १९६४ च्या शरदात व्हिएन्नाचे कार्डिनल क्योनिग उभे राहिले आणि भर सभेत म्हणाले की ऐतिहासिक तपशिलांत बायबल काही ठिकाणी सत्याला सोडून आहे, हे प्रामाणिकपणे मान्य करावे. त्यांनी दिलेले उदाहरण अब्याथारचे. मत्तयाने जखऱ्याचे वचन यिर्मयाच्या नावावर दिले आहे, तेही त्यांनी पुढे ठेवले. अखेरच्या दस्तऐवजात वाक्य आले ते असे फिरवून की, देवाने आपल्या तारणासाठी जे सत्य शास्त्रांत नोंदवावे अशी इच्छा धरली, ते सत्य ही पुस्तके निश्चितपणे आणि चुकीविना शिकवतात. कडक गटाने याचा अर्थ ‘सगळेच बिनचूक’ असा लावला, उदार गटाने ‘तारणापुरते बिनचूक’ असा. दोन्ही गट आजही आहेत. परंतु मजकुराचा कल पाहिला तर अमरावतीचे कॅथलिक वाशीमच्या नाझरीनांच्या जवळ येऊन बसतात, आणि अकोल्याचे प्रोटेस्टंट मात्र १८९३ च्या लिओ पोपच्या शेजारी. दोघांनाही हा शेजार आवडणार नाही.

या सगळ्या चर्चेला वऱ्हाडात एक प्रत्यक्ष पत्ता होता, तो यवतमाळचा. शकुंतला रेल्वे मूर्तिजापूरहून निघून ज्या कापसाच्या गावी थांबत असे, तिथे १९५३ मध्ये युनियन बिब्लिकल सेमिनरी आकाराला आली. फ्री मेथडिस्टांच्या छोट्या बायबल शाळेतून ती वाढली, आणि अनेक पंथांनी मिळून चालवली. तीस वर्षे देशभरातले विद्यार्थी, त्यांत ईशान्येकडच्या डोंगरांतले पुष्कळ, यवतमाळच्या उन्हात हिब्रू धातू आणि ग्रीक विभक्ती घोकत होते. सेमिनरीची भूमिका इव्हँजेलिकल फेलोशिप ऑफ इंडियाशी मिळतीजुळती: शास्त्र मुळात दिले गेले त्या रूपात देवप्रेरित, सर्वस्वी विश्वासार्ह, श्रद्धा आणि आचरण यांवर सर्वोच्च अधिकार असलेले. १९८३ मध्ये ती पुण्याला बिबवेवाडीत गेली. यवतमाळकरांना आपल्या गावात हे काही चालले होते याची दाद नव्हती, आणि बहुतेकांना आजही नाही.

यवतमाळची शेवटची वर्षे चालू असतानाच, १९७८ च्या ऑक्टोबरात, शिकागोला दोनशेहून अधिक इव्हँजेलिकल पुढाऱ्यांनी निर्दोषत्वाचे एक निवेदन तयार केले. त्यात १९ कलमे आहेत आणि प्रत्येक कलमात एक मान्य आणि एक अमान्य अशी जोडी. नावे ठेवणारे ते सहसा वाचत नाहीत, आणि उचलून धरणारेही क्वचितच वाचतात. वाचले तर आश्चर्य वाटेल. आधुनिक शास्त्रीय काटेकोरपणा नसणे, व्याकरणाच्या चुका, निसर्गाचे डोळ्यांना दिसते तसे वर्णन, अतिशयोक्ती, ठोकळ आकडे, घटनांची विषयवार मांडणी, उताऱ्यांतली मोकळीक, यांपैकी काहीही चूक म्हणून धरू नये असे तेरावे कलम सांगते. इतके सगळे वजा केल्यावर ‘चूक’ म्हणायला उरते काय, असा प्रश्न टीकाकाराला पडतो. पण उलट बाजूनेही पाहावे. इतकी सूट देणारा माणूस बायबल हे सरकारी दप्तर नव्हे, हे मान्य करून चुकला आहे.

मराठी वाचकाला हा वाद वेगळ्या वाटेनेही पूर्वी भेटला होता. १८३९ मध्ये जॉन म्यूर या स्कॉटिश अधिकाऱ्याने ‘मतपरीक्षा’ हा संस्कृत ग्रंथ लिहून खऱ्या शास्त्राच्या कसोट्या मांडल्या: संस्थापकाचे चमत्कार, शिकवणीचे पावित्र्य आणि तिची सार्वत्रिकता. काशीच्या चित्पावन घराण्यातले नीलकंठशास्त्री गोरे यांनी उत्तर दिले की शास्त्राला तर्काच्या तागडीत घालायचे नसते, श्रद्धा आधी आणि युक्तिवाद मागून. भूमिकांची ही अदलाबदल पाहण्यासारखी आहे: मिशनच्या बाजूचा लेखक पुरावा मागतो आणि पंडित श्रद्धा सांगतो. हेच गोरे १८४८ मध्ये ख्रिस्ती झाले. पुढे पंडिता रमाबाईंच्या ख्रिस्ती विचारांना वळण लावणाऱ्यांतही ते होते.

रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला, तरी तिथल्या धर्मभगिनींशी त्यांचे बराच काळ खटके उडाले. पंथाने सांगितले म्हणून त्या काही मानायला तयार नव्हत्या. शास्त्रात मला दिसले पाहिजे, हा त्यांचा हट्ट. हाच हट्ट त्यांना शेवटी केडगावला हिब्रू-ग्रीक कोशांपर्यंत घेऊन गेला, आणि १९२२ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्या बायबलच्या सोप्या मराठी भाषांतरावर राबल्या. ते १९२४ मध्ये त्यांच्या मुक्ती मिशनच्याच छापखान्यातून बाहेर पडले. शब्दागणिक सत्य मानणारी व्यक्ती शब्दाची किती चिकित्सा करते, याचे मराठीत यापेक्षा मोठे उदाहरण नाही.

कवी ना. वा. टिळकांचे मात्र अगदी वेगळे झाले. १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका गोऱ्या प्रवाशाने त्यांच्या हाती नवा करार ठेवला. दिला शब्द पाळायचा म्हणून टिळक वाचू लागले आणि मत्तयाच्या पाचव्या अध्यायात, डोंगरावरच्या प्रवचनापाशी, अडकले. १८९५ मध्ये त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. अहज्याचे वय त्यांच्या वाटेत आलेच नाही. पुढे तर हिंदू संतांची वाणी हा आपला पहिला जुना करार आहे असे ते मानत, जे कुठल्याही मिशनच्या विश्वासलेखात बसणारे नव्हते. सोळाव्या शतकातल्या कॅल्व्हिनने लिहून ठेवले होते की शास्त्र देवाचे आहे हे पुराव्यांनी ठरत नाही, वाचणाऱ्याच्या अंतःकरणात पवित्र आत्मा तशी साक्ष देतो. टिळकांनी कॅल्व्हिन वाचला असो वा नसो, त्यांच्या बाबतीत घडले ते हेच. आणि वऱ्हाडातल्या कुठल्याही मंडळीत उपासनेनंतर एखादी बाई उठून साक्ष देते, आजारपणात अमुक वचन मला मिळाले आणि ते खरे झाले असे सांगते, तेव्हा ‘खरे’ या शब्दाचा तिचा अर्थही १९ कलमांतला नसतो.

माझे मत विचाराल तर, विसंगतींच्या याद्या करणारे आणि त्या याद्या एकेक करून खोडणारे, हे दोघे एकाच गृहीतावर उभे आहेत: सत्य म्हणजे तपशिलाची जुळणी. वाशीमचे आणि अमरावतीचे वाक्य त्या गृहीतातून बाहेर पडते, म्हणून मला ते अधिक टिकाऊ वाटते. पण अकोल्याच्या वाक्यामागची धास्ती पोकळ नाही. तारणापुरते खरे आणि बाकी सैल, ही रेघ कोणी आणि कुठे ओढायची? अहज्याचे वय सोडले, दावीदाचे आकडे सोडले, मग रिकामी कबर कोणत्या बाजूला? ती इतिहासातली घटना आहे असा दावा स्वतः पौल करतो आणि तसे नसेल तर आमचा विश्वास व्यर्थ आहे असेही म्हणतो. या प्रश्नाला वाशीम, अमरावती, रोम कोणाकडेच सोपे उत्तर नाही.

ज्यांना यात स्वतः डोकावायचे आहे, त्यांनी विश्वासलेखांपासून सुरुवात करू नये, आणि उत्पत्तीपासूनही करू नये. चार शुभवर्तमानांत सर्वांत लहान मार्क, अवघे १६ अध्याय, दीड-दोन तासांत वाचून होतो. तो आधी वाचावा, दुसऱ्या अध्यायात अब्याथारपाशी थांबावे, शमुवेल उघडून पाहावे आणि मग जवळच्या पाळकांना किंवा फादरना विचारावे. वऱ्हाडात त्या एका प्रश्नाला चार प्रामाणिक उत्तरे मिळतील.